मुमू लावायचा तर: पापुआ न्यू गिनीच्या हायलंड्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी

गोरोका, कुंडियावा, माउंट हेगन या बाजूला नोकरीनिमित्त आलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत मुमूचं बोलावणं येतं. शाळेतला निरोप समारंभ असेल, चर्चचा कार्यक्रम असेल, लग्नाची देवाणघेवाण असेल, दोन कुळांचं भांडण मिटल्यावर द्यायची भरपाई असेल, नाहीतर नुसताच रविवार. अंगणात खड्डा खणतात, दगड तापवतात, केळीच्या पानांत सगळं घालून वर माती लोटतात. काही वेळा पाहुणे म्हणून जेवून आलात की आपणही शेजाऱ्यांना बोलवावं असं वाटू लागतं. त्या पहिल्या मुमूसाठी हे टिपण. दहा-पंधरा माणसांचा हिशेब धरला आहे.

मुमूत स्वयंपाक म्हणावा असा फारसा नसतो. फोडणी नाही, ढवळणं नाही, मध्येच चव बघणं तर नाहीच. सगळी कसोटी लागते ती दगड जाळातून उचलल्यापासून खड्ड्यावर माती पडेपर्यंतच्या दहा-पंधरा मिनिटांत. तेवढ्यात दगड गार पडले तर नंतर कितीही वेळ थांबा, रताळं मधे कच्चंच राहतं. खाली जे जे सांगितलं आहे ते त्या दहा-पंधरा मिनिटांत कुणी ‘पानं कुठे आहेत?’ असं विचारू नये म्हणून.

आधी विचारा, मग खणा

या देशातली जवळजवळ सगळी जमीन, सुमारे 97 टक्के, परंपरागत हक्काने कुळांच्या मालकीची आहे. रस्त्याकडेची मोकळी जागा, ओढ्यातले दगड, बांधावरची केळ, वाळून पडलेलं झाड, या सगळ्याला मालक असतो. त्याला टोक पिसिनमध्ये, म्हणजे इथल्या बोलचालीच्या भाषेत, ‘पापा बिलाँग ग्राऊन’ म्हणतात. कंपनीच्या किंवा शाळेच्या आवारात राहत असलात तरी दगड आणि लाकूड बाहेरूनच येणार. म्हणून शेजारच्या एखाद्या जाणत्या माणसाला आधी गाठा. तो दगड कुठून घ्यायचे ते सांगेल, आणि बहुतेक वेळा स्वतःच येऊन उभा राहील. ते उत्तमच. पहिला मुमू एकट्याने लावू नये.

दगड

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कुणाच्या तरी घरामागचे, आधी वापरलेले दगड मागून आणणं. इथे घरोघरी असा ढीग असतो. एकदा आगीतून गेलेला दगड पुन्हा फुटण्याची भीती कमी. नवे गोळा करणार असाल तर घट्ट, जड, बारीक कणांचे, गोलसर दगड निवडा. मुठीएवढ्यापासून नारळाएवढ्यापर्यंत, साधारण पन्नास-साठ. लहान दगड भाज्यांच्या मधे जातात, मोठे तळाला.

पापुद्रे सुटणारे, भेगा असलेले, वालुकाश्मासारखे भुसभुशीत दगड नकोत. चुनखडीही नको, फार तापली की तिचा चुना होतो आणि तो पाण्याशी भडकतो. नदीच्या पात्रातून नुकताच काढलेला ओला दगड तर थेट जाळात घालूच नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि दगड फुटून तुकडे उडतात. ओढ्यातून आणलेले दगड बरेच दिवस पावसापासून आडोशाला वाळवा. एवढं करूनही पहिल्या अर्ध्या तासात मुलांना जाळापासून चांगलं लांब ठेवा.

लाकूड

हायलंड्समध्ये बागांच्या कडेने आणि पडीक ठेवलेल्या वावरात लोक हाताने ‘यार’ लावतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या सुरूचा हा भाऊबंद. जमिनीचा कस परत येतो आणि सरपणही मिळतं. यारचं वाळलेलं लाकूड धूर कमी करतं आणि निखारा धरून ठेवतं. बाजारात सरपणाच्या मोळ्या विकायला असतात. वाटतं त्याच्या दीडपट घ्या. ओलं लाकूड, रंग दिलेल्या फळ्या, जुनी खोकी नकोत. त्या धुराचा वास दगडांना लागतो आणि दगडांचा अन्नाला.

खड्डा

पाणी साचणार नाही अशी किंचित उताराची जागा बघा, घराच्या गवती छपरापासून लांब. खड्डा मीटरभर रुंद, दीड-दोन फूट खोल, वाटीसारखा गोल. वरच्या गवताची ढेकळं वेगळी ठेवा, ती शेवटी झाकायला उपयोगी पडतात. सुटी माती दुसऱ्या बाजूला, जाळापासून लांब. जमीन दलदलीची असेल तर खणण्याचा हट्ट सोडा. अर्धं कापलेलं तेलाचं पिंप घेऊन त्यात हाच सगळा प्रकार करणारी घरं इथे पुष्कळ आहेत. मात्र ते पिंप आधी कशाचं होतं हे विचारून घ्या.

जाळ कुठे करायचा याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या मतावर ठाम असतात. काही जण खड्ड्यातच लाकडं रचून वर दगड ठेवतात, म्हणजे खड्डाही तापतो. काही जण शेजारी लाकडांची आडवी-उभी चौकट रचतात, तिच्या वर दगड मांडतात आणि तापले की खड्ड्यात आणतात. नवख्याने दुसरी पद्धत धरावी असं माझं मत. पहिल्या पद्धतीत तळातले जळते ओंडके आणि निखारे घाईघाईत उपसावे लागतात, आणि एखादा राहिलाच तर सगळं जेवण धुरकट होतं.

वेळेचं म्हणाल तर सकाळी आठला जाळ पेटलेला असावा. या डोंगरांत दुपारनंतर पाऊस हमखास धरावा, अगदी कोरड्या मोसमातही. दोन-अडीचला पानं उघडली तर माणसं आरामात बसून जेवतात.

पानं आणि आत काय काय

केळीची पानं भरपूर लागतात. फाटकी चालतील, पण निदान पंधरा-वीस मोठी, अखंड हवीत. ताजं पान दुमडायला गेलं की शिरेवर तडकतं, म्हणून ते जाळावरून हळूहळू फिरवायचं. फिक्या, धुरकट हिरव्या पानावर आच लागताच चकचकीत गडद रंग पसरत जातो आणि तो जिथवर पोचला तिथवर पान कापडासारखं मऊ होतं. तो रंग डोळ्यांदेखत सरकताना दिसतो. ही कामगिरी लहान मुलांना फार आवडते आणि त्यांना ती देतातही. मधली जाड शीर सुरीने तासून काढा. ती टाकू नका, खड्ड्याच्या तळाला अंथरायला लागते.

आता खाण्याचं. मुमूचा कणा म्हणजे काउकाउ, म्हणजेच रताळं. दक्षिण अमेरिकेतून निघालेलं हे पीक फिरत फिरत काही शतकांपूर्वीच इथे पोचलं. पण थंड, उंच डोंगरातही ते येतं, डुकरांनाही चालतं, आणि त्याने इथलं सगळं जगणंच बदलून टाकलं. त्याच्याआधी अळूचे कांदे, कोनफळाच्या जातीचे कंद आणि केळी होती. हेगनजवळच्या कुक इथल्या दलदलीत निदान सात हजार वर्षं जुन्या शेतीच्या खुणा सापडल्या आहेत. 2008 मध्ये युनेस्कोने ती जागा जागतिक वारशात घेतली. त्या जुन्या मंडळींनाही आजच्या मुमूत जागा आहे: दोन-चार अळूचे कांदे आणि भाजीची हिरवी केळी असल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना मुमू पुरा वाटत नाही. मात्र अळू नीट शिजलं नाही तर घसा खाजतो, तेव्हा त्याचे तुकडे लहान करा आणि ते सगळ्यात खाली ठेवा.

काउकाउच्या जाती बाजारात ढीगभर दिसतील. पांढऱ्या गराचं, कोरडं, पिठूळ काउकाउ मुमूला चांगलं. केशरी गराचं गोड असतं पण लवकर गळतं. विकणाऱ्या बाईला ‘मुमूसाठी’ एवढंच सांगा, ती निवडून देईल. माणशी तीन-चार मध्यम. सोलून अख्खीच ठेवतात, फार जाड असतील तर उभी चिरा.

पालेभाजीला इथे ‘कुमू’ म्हणतात आणि ती वाटते त्याच्या तिप्पट आणावी. भोपळ्याचे कोवळे शेंडे, वॉटरक्रेस, नेच्याची कोवळी पानं, भेंडीच्या कुळातली आयबिका. शिजल्यावर ती बसते, आणि मांसाचा सगळा रस तिच्यातच उतरतो. मुमूतली सर्वांत चवदार गोष्ट हीच, मांस नव्हे. त्यासोबत मक्याची कणसं, भोपळा, गाजर, कोबी आणि मिळालं तर पिटपिट, म्हणजे एका उंच गवताचा कोवळा गाभा. मसाला म्हणजे मीठ, ठेचलेलं आलं आणि कांद्याची पात. किनाऱ्याकडे नारळाचं दूध घालतात. डोंगरात नारळ होत नाही, पण हल्ली डब्यातलं दूध येतं म्हणून इकडेही कुणीकुणी ओततं. आपल्या हाताला लगेच हळद-तिखट आठवेल. पहिल्या वेळी हात आवरा.

मांसात पहिला मान डुकराचा. डुक्कर ही इथे नुसती खाण्याची वस्तू नाही. वधूमूल्य, भरपाई, देणंघेणं, सगळं डुकरांत मोजलं जातं, आणि पाळलेलं डुक्कर कापायचं म्हणजे तसंच कारण लागतं. घरगुती मुमूला कोंबडी किंवा दुकानात गोठवून मिळणारे मेंढीचे चरबीदार तुकडे पुरतात. शिवाय सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाची कुटुंबं या भागात पुष्कळ आहेत आणि ती डुक्कर खात नाहीत. पाहुण्यांत कोण आहे हे आधी विचारलंत तर पंचाईत टळते.

तुम्ही स्वतः शाकाहारी असाल तर तेही आधीच सांगा. ‘मी नो सावे काइकाइ आबुस’, म्हणजे मी मांस खात नाही, एवढं वाक्य पाठ करा. कुणाला राग येत नाही, थोडं नवल वाटतं. पण एकाच खड्ड्यात बाजूला ठेवलेल्या पुडक्यावर भरवसा ठेवू नका, वरची चरबी खाली झिरपते आणि पान कुठे ना कुठे फाटलेलं असतंच. नेमधर्म पाळायचा असेल तर शेजारी फूटभर खोलीचा लहानसा वेगळा खड्डा करा. काउकाउ, कणीस, भोपळा आणि कुमू एवढ्याचाही मुमू झकास होतो, आणि तासाभरात तयार असतो.

दगड तापले कसे ओळखायचं

चांगला जाळ असेल तर दीड ते दोन तास. सुरुवातीला काजळी धरून दगड काळेकुट्ट होतात, पुढे ती काजळीच जळून जाते आणि दगड पांढुरके, राखेच्या रंगाचे दिसू लागतात. काळे दगड म्हणजे अजून वेळ आहे. खालची चौकट जळून दगड निखाऱ्यांत बसले आणि लांबून शिंपडलेला पाण्याचा थेंब दगडावर न पसरता चुरचुरत उडाला, की झालं.

दगड उचलायला इथे लांब काठी टोकाकडून अर्ध्यापर्यंत चिरून, किंवा बांबूची पट्टी मधोमध वाकवून चिमटा करतात. असे निदान दोन चिमटे हवेत, म्हणजे दोन माणसं एकाच वेळी दगड हलवतील. पायात बूट घाला. इथले लोक अनवाणी करतात ते बघून मोहात पडू नका.

ती दहा-पंधरा मिनिटं

पहिला दगड उचलण्याआधी खड्ड्याभोवती एकदा फेरी मारा. पानं मऊ करून रचलेली आहेत, काउकाउ सोललेली आहेत, मांसाला मीठ लागलंय, कुमू धुऊन निथळलाय, पाण्याची बादली भरलेली आहे, मातीशी फावडं घेऊन माणूस उभा आहे. यातलं एक जरी नसेल तर थांबा. दगड जाळात आणखी वीस मिनिटं राहिले तर काही बिघडत नाही.

मग भराभर. तळाला मोठे दगड एका थरात, राख झटकून. त्यावर केळीच्या शिरा आणि हिरवं गवत किंवा नेच्याचा जाड थर, म्हणजे पान दगडाला चिकटून करपणार नाही. त्यावर केळीची पानं एकावर एक येतील अशी, टोकं खड्ड्याबाहेर चांगली हातभर. आता अळू आणि काउकाउ. त्यांच्या मधे चार-सहा लहान तापलेले दगड, प्रत्येक पानात गुंडाळून. त्यावर कुमूचा थर. त्यावर मांस, चरबीची बाजू वर, म्हणजे ती वितळून खाली उतरेल. कोंबडी अख्खी असेल तर पोटात एक लहान दगड पानात गुंडाळून घालतात, त्याशिवाय आतली बाजू मागे राहते. वर कणसं, भोपळा आणि उरलेला कुमू.

बाहेरची पानं आत दुमडून घ्या, पण मधे हात जाईल एवढं तोंड उघडं ठेवा. त्यातून दोन-तीन लिटर पाणी कडेकडेने ओता, तळच्या दगडांपर्यंत पोचेल असं. पूर्वी बांबूच्या नळीतून ओतायचे, आता किटली चालते. दगड गर्जतील आणि वाफेचा लोट सरळ वर येईल, म्हणून तोंड बाजूला ठेवूनच ओता. लगेच तोंड बंद करा, वर उरलेले दगड, त्यावर पुन्हा पानं, हवं तर ओलं गोणपाट, आणि मग माती. माती चांगली चार बोटं जाड. जिथून वाफ निघताना दिसेल तिथे आणखी एक फावडं. चारही बाजू शांत झाल्या की मुमू लागला.

किती वेळ ठेवायचं

गोरोका साधारण 1600 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं, आणि वाफही तेवढीच. पुण्या-मुंबईच्या अंदाजाने वेळ धरलात तर कमी पडेल. नुसत्या भाज्यांना तासभर, कोंबडीला दोन तास, डुकराच्या मोठ्या तुकड्यांना तीन किंवा जास्त. मध्ये उघडून बघायचं नाही. एकदा वाफ गेली की ती परत आणायला तापलेले दगड उरलेले नसतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर शेवटी वापरा, कोंबडीच्या जाड भागात 74 अंश दिसायला हवेत. भरवसा नसेल तर कोंबडीचे तुकडे आधीच लहान करा.

उघडणं आणि वाटणं

माती एका बाजूने ओढा, पानांवर पडू देऊ नका. पानं आपल्यापासून दूरच्या दिशेने उलगडा, मुमूमधल्या भाजण्याच्या बहुतेक घटना दगडांनी नाही, या वाफेने होतात. मधले दगड हाताने मोजून काढा. आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजेत, नाहीतर कुणाच्या तरी दाताखाली येतील.

जमिनीवर ताजी पानं अंथरून त्यावर ढीग लावतात आणि ढिगांची वाटणी घरातलं किंवा कुळातलं मोठं माणूस करतं. कुणाला कोणता तुकडा हे ठरलेलं असतं, त्यात तुमच्या मापाची समता आणू नका. यजमान तुम्ही असाल तर हे काम शेजारच्या जाणत्या माणसावर सोपवा. पाहुणे ताटातलं सगळं तिथेच खात नाहीत. पानात बांधून, बिलुममध्ये, म्हणजे इथल्या विणलेल्या पिशवीत, टाकून घरी नेतात, आणि ते न्यायला पुरेल एवढं करणं हीच पाहुणचाराची रीत. उलट तुम्ही पाहुणे असाल तर हातात आलेला ढीग नको म्हणू नका. थोडं खा, उरलेलं बांधून घ्या, ‘तेंक्यू त्रू’ म्हणा.

उरलेल्या मांसाचं काय

इथे जरा थांबून सांगायला हवं. हायलंड्समध्ये एकेकाळी ‘पिगबेल’ नावाच्या आजाराने, विशेषतः मुलं, खूप दगावत. डुकराच्या मोठ्या जेवणावळींनंतर तो उद्भवायचा, आणि 1960 च्या दशकात त्याचं कारण उलगडलं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मांस कोमट अवस्थेत पडून राहिलं की ते वाढतात, आणि आतड्यात त्यांचं विष तयार होतं. एरवी पोटातला ट्रिप्सिन हा पाचक रस त्या विषाचा निकाल लावतो. पण रोजच्या खाण्यात प्रथिनं कमी असली की ट्रिप्सिनही कमी, आणि काउकाउमध्ये तर त्याला अडवणारं द्रव्यच असतं. 1980 च्या दशकात लस देणं सुरू झालं आणि हा आजार झपाट्याने खाली आला. तरी सवय सोडू नये: मांस गरम असतानाच खा, उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून. रात्रभर खड्ड्यातच राहिलेलं मांस मुलांना देऊ नका.

गावी परतल्यावर करायचा झाला तर

रायगडकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मातीत-जाळात शिजवण्याचं अप्रूप नाही. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, उपडं मडकं, हे तंत्र मुमूच्या जवळचंच. फक्त तिथे आच बाहेरून येते आणि इथे दगडांतून. शेतावर मुमू लावायचा झाला तर केळीची पानं, रताळी, सुरण, भोपळा, सगळं हाताशी असतं. अडचण दगडांची. सह्याद्रीचा काळा पाषाण चालतो, पण तो सगळाच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच खडकांत लहान लहान पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरी, चमकदार झिओलाइटची खनिजं भरलेली असतात. त्या खनिजांच्या रचनेतच पाणी अडकलेलं असतं आणि तापल्यावर ते बाहेर पडतं. पांढरे ठिपके किंवा स्फटिक दिसणारा दगड बाजूला टाका, सलग काळा, वाजवल्यावर खणखणीत आवाज देणारा घ्या, आणि पहिल्यांदा तो रिकाम्या जाळात, लांब उभं राहून, एकदा तापवून बघा. थंडीच्या दिवसांत रानातलं गवत वाळलेलं असतं, तेव्हा जाळ पेटवण्याआधी भोवतालचं गवत दहा-बारा फूट कापून घ्या आणि दोन बादल्या पाणी जवळ ठेवा, खड्ड्यात ओतायचं ते वेगळं.